एरंडाचं खरंखुरं गुऱ्हाळ

उगाच लांबत गेलेल्या आणि शेवटी हाती काहीच न लागणाऱ्या चर्चेला आपण ‘एरंडाचं गुऱ्हाळ’ म्हणतो. उसाचं गुऱ्हाळ लावलं तर निदान गूळ तरी निघतो. एरंडात ना रस ना साखर, मग चरक फिरवायचा कशाला, असा त्यातला टोमणा. टोमणा म्हणून तो चोख आहे. वनस्पतिशास्त्र म्हणून मात्र साफ चूक. एरंडाचं बी रुजायला लागलं की आठ-दहा दिवस त्याच्या पोटात खरोखरच गुऱ्हाळ चालू असतं. एका बाजूने तेल जातं, दुसऱ्या बाजूने साखर येते, आणि त्या साखरेवर एक रोप उभं राहतं.

चयापचय हा शब्द आपल्या कानावर बहुतेक वेळा वजन, भूक, थकवा यांच्या संदर्भात पडतो, म्हणजे जळणाच्या बाजूने. वाढीच्या बाजूने त्याच्याकडे पाहायचं तर एरंडाच्या बीइतकी सोयीची जागा मला दुसरी माहीत नाही. अंधारात, नुसत्या ओल्या वाळूत रुजत घातलेलं बी म्हणजे जवळजवळ बंद हिशेबवही. बाहेरून येतं फक्त पाणी आणि हवेतला ऑक्सिजन. ऊन नाही, म्हणजे प्रकाशसंश्लेषण नाही. खतही नाही. तरी रोप चांगलं वीतभर वाढतं. ते कशातून वाढलं याचा हिशेब बीच्या आतच लागला पाहिजे, आणि तो कसा लागतो हेच हे प्रकरण.

बी उघडल्यावर

कवच तकतकीत, ठिपक्याठिपक्यांचं. आकार रक्त पिऊन टम्म झालेल्या गोचिडीसारखा. एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गोचीडच. रात्रभर भिजवून कवच सोललं की आत पांढरा, मेणचट गर लागतो. हा भ्रूणपोष. बीतला जवळजवळ सगळा ऐवज हाच. हा गर चपट्या बाजूने अलगद फाकवला तर मधल्या फटीत दोन पानं एकमेकांना चिकटून बसलेली दिसतात, पतंगाच्या कागदासारखी पातळ, शिरा मोजता येतील इतक्या स्पष्ट. ही बीजपत्रं. त्यांच्या बुडाशी जेमतेम दिसणारा कोंब, ज्याचं पुढे मूळ आणि देठ होणार. घेवड्याच्या बीत बीजपत्रंच जाडजूड असतात, अन्न त्यांच्यातच भरलेलं असतं. एरंडात बीजपत्रं रिकामी, आणि अन्न त्यांच्या बाहेर, दोन्ही अंगांनी गादीसारखं लागून. साठा एकीकडे आणि वाढणारा जीव दुसरीकडे, अशी ही सरळ वाटणी आहे. म्हणूनच अभ्यासकांना हे बी आवडतं.

(हाताळताना सांभाळायला हवं. रिसिन हे जहाल विषारी प्रथिन याच गरात असतं. हातमोजे घालायचे, तुकडे उघड्यावर टाकायचे नाहीत आणि लहान मुलांच्या हाती बी द्यायचं नाही. गंमत अशी की रोप वाढताना बी इतर साठवलेल्या प्रथिनांबरोबर हे विषही मोडून वापरतं.)

गराचा कण कागदावर चिरडला की कागद तिथे पारदर्शक होतो. डाग वाळत नाही. दुसऱ्या दिवशीही उजेडासमोर धरला की तसाच. बीच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग तेल आहे, त्याची ही खूण. आयोडीनचा थेंब टाकला तर निळंजांभळं काही होत नाही, म्हणजे पिष्टाच्या नावाने शिमगा.

तेल साठवण्यामागचं गणित सरळ आहे. एक ग्रॅम तेलात सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा, एक ग्रॅम पिष्टात सुमारे ४. शिवाय तेलासोबत पाण्याचं वजन वाहायला लागत नाही. प्रवासाला निघणाऱ्याने गाठोडं हलकं बांधावं तसं. अडचण येते ती गाठोडं सोडायच्या वेळी.

अडचण नेमकी कुठे आहे

वाढ होते मुळाच्या टोकाशी आणि बीजपत्रांखालच्या देठात. तिथल्या प्रत्येक नव्या पेशीला भिंत हवी, भिंत सेल्युलोजची, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब माळा. म्हणजे विटा साखरेच्या. गोदामात मात्र तेल भरलेलं. त्यातही तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रसवाहिन्यांतून ते इथून तिथे नेता येत नाही. वनस्पतीत माल वाहून नेला जातो तो मुख्यतः सुक्रोजच्या रूपात, आपल्या नेहमीच्या साखरेच्या.

एखाद्या जीवाजवळ भरपूर साठा असूनही त्याची वाढ अडू शकते, ती अशी. साठा आणि वाढ यांच्यामध्ये एक रूपांतर लागतं, आणि ते जमलं नाही तर गोदाम भरलेलं राहून मालक उपाशी मरतो.

हे रूपांतर होतं याची शंका फार आधीपासून होती. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ यूलियस झाक्स यांनी १८५९ साली दाखवलं होतं की तेलबिया रुजताना तेल कमी होत जातं तसं पिष्ट दिसू लागतं. पण दिसणं वेगळं आणि मार्ग सापडणं वेगळं. मध्ये जवळपास शंभर वर्षं गेली.

हवेतला पुरावा

या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा भाग इथे आहे, कारण इथे बी न कापताच आतलं गुपित कळतं. बीने किती ऑक्सिजन घेतला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला, एवढंच मोजायचं. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की श्वसन गुणांक मिळतो. साखर पूर्ण जळली तर तो १ येतो. मेदाम्ल, म्हणजे तेलाच्या रेणूतली कार्बनची लांब साखळी, पूर्ण जळलं तर सुमारे ०.७. तेव्हा तेलाच्या बीचा गुणांक ०.७ असायला हवा. प्रत्यक्षात रुजणाऱ्या तेलबियांचा तो त्याहून बराच खाली घसरतो.

नुसत्या जळण्याने हे होणं शक्य नाही. ऑक्सिजन आत जातोय, पण त्याच्या प्रमाणात कार्बन बाहेर येत नाहीये. म्हणजे ऑक्सिजन आत कुठेतरी मुरतोय.

कुठे, ते आकड्यांत मांडून बघू. एरंडाच्या तेलातली सुमारे ९० टक्के मेदाम्लं रिसिनोलेइक आम्लाची असतात. त्याच्या साखळीवर एक जादा हायड्रॉक्सिल गट असतो आणि साखळी तोडत जाताना तिथे गाडी अडते, एक वेगळी पायरी लागते. हिशेब सोपा राहावा म्हणून मी १६ कार्बनचं साधं पामिटिक आम्ल घेतो. त्याची साखर करायची तर एका रेणूला ११ ऑक्सिजन रेणू लागतात. त्यातून सुक्रोजचा एक रेणू, कार्बन डायऑक्साइडचे ४ आणि पाण्याचे ५ रेणू मिळतात. ४ भागिले ११, म्हणजे ०.३६. घसरलेल्या गुणांकाचं कोडं इथे सुटतं: बी तेल नुसतं जाळत नाही, त्याची साखर करतंय.

आता हाच हिशेब ग्रॅममध्ये करा. २५६ ग्रॅम पामिटिक आम्ल आत, ३४२ ग्रॅम साखर बाहेर. वजन वाढलं! चार कार्बन हवेत उडून गेले तरीही. जादा वजन आहे हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचं. साखर हा ऑक्सिजनने भरलेला रेणू आहे आणि तेल जवळजवळ ऑक्सिजनविना. सगळी साखर अर्थात तशीच उरत नाही, रोप तिच्यातली काही जाळतंच. तरी सुरुवातीच्या दिवसांत संपूर्ण वाळवून घेतलेलं वजन घटण्याऐवजी किंचित वाढू शकतं, आणि तेही काळोखात. उपाशी असूनही वजन वाढणारा जीव पाहायचा असेल तर तो हा.

ऑक्सिजनचं महत्त्व मला चुकीतून नीट कळलं. पहिल्या खेपेला मी वाळू चिंब करून डब्याचं झाकण घट्ट लावून ठेवलं होतं. चार दिवसांनी झाकण उघडलं तेव्हा नुसती घाण सुटली. बिया मऊ पडून कुजल्या होत्या. ओल होती, ऊब होती, तेल होतंच. श्वास नव्हता. एका रेणूमागे अकरा, हा आकडा त्या वासासकट माझ्या लक्षात राहिला आहे.

आडवाट

आता खरा पेच. पेशीत मेदाम्लाचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकडा असेटिल-कोए या रूपात पुढे जातो. नेहमीची वाट म्हणजे क्रेब्ज चक्र, पेशीतली जळणाची भट्टी. या चक्रात दोन कार्बन आत शिरतात आणि एक फेरा पुरा होईपर्यंत दोन कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. ऊर्जा मिळते, पण बांधकामासाठी शिल्लक शून्य. पगार हातात पडायच्या आधीच संपलेला. प्राण्यांच्या पेशीत नेमकं हेच होतं, म्हणून मेदाम्लांच्या या तुकड्यांतून आपल्याला निव्वळ साखर बनवता येत नाही. (तेलाच्या रेणूतल्या ग्लिसरॉलची होते, पण तो छोटा हिस्सा.) दीर्घ उपासात मेंदूला लागणाऱ्या साखरेसाठी शरीर स्नायूंतली प्रथिनं मोडायला काढतं, त्यामागेही हीच गोम आहे.

१९५७ साली हान्स कॉर्नबर्ग आणि हान्स क्रेब्ज या जीवरसायनशास्त्रज्ञांनी फक्त असेटेटवर जगणाऱ्या जिवाणूंमध्ये या चक्रातली एक आडवाट दाखवली. त्याच वर्षी कॉर्नबर्ग आणि हॅरी बीव्हर्स यांना तीच वाट रुजणाऱ्या एरंडाच्या भ्रूणपोषात सापडली. युक्ती फक्त दोन एन्झाइमांची, म्हणजे पेशीतल्या क्रिया घडवून आणणाऱ्या दोन प्रथिनांची. आयसोसिट्रेट लायेज सहा कार्बनच्या आयसोसिट्रेटचे दोन तुकडे करतं: चार कार्बनचं सक्सिनेट आणि दोन कार्बनचं ग्लायॉक्सिलेट. मॅलेट सिंथेज त्या ग्लायॉक्सिलेटला आणखी एक असेटिल-कोए जोडून चार कार्बनचं मॅलेट करतं. चक्रातल्या ज्या दोन पायऱ्यांवर कार्बन उडून जातो त्या दोन्ही टळल्या. दर फेऱ्याला दोन तुकडे आत, आणि चार कार्बनचं एक सक्सिनेट निव्वळ हाती. तेच पुढे उलट्या वाटेने चढत साखर होतं. वाटेत एके ठिकाणी कार्बन सुटतो, म्हणून १६ पैकी १२ कार्बन साखरेत पोचतात. चारातले तीन. रूपांतराची एवढी किंमत परवडण्यासारखी आहे.

हे घडतं कुठे, याचं उत्तर मिळायला आणखी दहा वर्षं लागली. १९६७ साली ब्रायडेनबाख आणि बीव्हर्स यांनी एरंडाचा भ्रूणपोष घोटून, साखरेच्याच पाकाच्या कमीजास्त दाट थरांतून तो गरगर फिरवून वेगळा केला. तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतली ऊर्जाकेंद्रं) एका थरात स्थिरावल्या. त्यांच्याखाली, जास्त दाट थरात, एक वेगळाच पट्टा आला. आडवाटेची दोन्ही एन्झाइमं त्या पट्ट्यात होती. या कणांना नाव मिळालं ग्लायॉक्सिसोम. मेदाम्लांची साखळी तोडण्याचं कामही त्यांच्यातच चालतं हे पुढे स्पष्ट झालं. पण सक्सिनेटला साखर व्हायचं तर आधी तंतुकणिकेत जावं लागतं, मग तिथून बाहेर पेशीद्रवात. एकच काम, तीन दालनं. कुठल्याही एका दाराला कुलूप लागलं की अख्खं गुऱ्हाळ बंद.

दिवसांचा क्रम

कोरड्या बीत ही यंत्रं जवळजवळ नसतातच. पाणी शिरल्यावर ती बनवली जातात. ३० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूळ बाहेर येतं, आणि ग्लायॉक्सिसोममधल्या एन्झाइमांचा जोर चौथ्या-पाचव्या दिवशी शिगेला पोचतो. मग तेल आटत जातं तसा तो उतरतो.

हा चढउतार कोण ठरवतं? माझी समजूत अशी होती की भूक लागलेला कोंब निरोप पाठवत असणार. बार्लीत तसंच होतं: भ्रूणाकडून जिबरेलिन हे संप्रेरक आलं की दाण्याच्या बाहेरच्या थरात पिष्ट मोडणारं एन्झाइम तयार व्हायला लागतं. एरंडात मात्र कोंब कापून काढला तरी भ्रूणपोषात एन्झाइमं ठरल्याप्रमाणे वाढतात आणि ठरल्याप्रमाणे उतरतात. १९७४ साली हुआंग आणि बीव्हर्स यांनी हे दाखवलं. बाळ नसतानाही वेळेवर पान्हा सुटावा तसा प्रकार. एकच कोडं दोन वनस्पतींनी दोन तऱ्हांनी सोडवलं आहे, त्यामुळे ‘बियाणं असं असं वागतं’ अशी सरसकट वाक्यं मी आताशा टाळतो.

तयार झालेली साखर भ्रूणपोषातून पाझरते आणि ती कागदासारखी बीजपत्रं ती शोषून घेतात. ही शोषणाची क्रियाही फुकट नाही. बीजपत्रांच्या पेशी आधी ऊर्जा खर्चून प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) बाहेर ढकलतात, आणि परतणाऱ्या प्रोटॉनबरोबर साखर आत ओढून घेतात. पाच-सहा दिवसांच्या रोपाचा देठ धारदार पात्याने छेदला की कापावर थेंब जमतो. त्यात रसवाहिन्यांतला माल असतो: सुक्रोज, आणि सोबत ग्लुटामीनसारखी अमिनो आम्लं. चार-पाच दिवसांपूर्वी जे तेल होतं, जे कागदावर डाग पाडत होतं, ते आता पाण्यात विरघळून वाहतंय.

अंधारातलं रोप फिकट, लांबुडकं, टोकाशी आकड्यासारखं वाकलेलं असतं. हे वळण, ही लांबी कोणत्या तऱ्हेची असेल ते प्रकाशाचा अभाव आणि संप्रेरकं ठरवतात; साखर ते ठरवत नाही. साखर ठरवते ती मजल. आराखडा कितीही चांगला असला तरी विटा संपल्या तिथे भिंत थांबते.

आडवाट बंद केली तर

एवढं सगळं पटलं तरी एक प्रश्न राहतो. ही आडवाट खरंच गरजेची आहे, की फक्त सोबतीला आहे? याचं उत्तर एरंडाने दिलं नाही. ते मोहरीच्या कुळातल्या अरेबिडॉप्सिस या छोट्या रोपाने दिलं. त्याची बीही तेलकट, आणि त्यातली जनुकं एकेक करून निकामी करता येतात.

२००० साली आयसोसिट्रेट लायेज नसलेल्या रोपांवरचं काम प्रसिद्ध झालं. माझा अंदाज होता की बी रुजणारच नाही. ते रुजतं. तेलही संपतं, जरा सावकाश. पण अंधारात देठ आखूड राहतो, आणि प्रकाश अपुरा असेल तर बरीच रोपं तग धरत नाहीत. त्यांना बाहेरून साखर दिली की वाढ सुधारते. म्हणजे आडवाट नसली तरी तेल जाळता येतं, त्यावर श्वास चालतो. बांधकाम मात्र रखडतं. मेदाम्ल तोडण्याचीच क्षमता गेलेली काही रोपं तर बाहेरून साखर मिळाल्याशिवाय पुढे सरकतच नाहीत, अंगात तेल शिल्लक असूनही. जगणं आणि वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एका आखूड देठाने इतकं स्वच्छ दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

मग अंड्यातलं पिल्लू कसं वाढतं? त्याच्याही गोदामात मेदच आहे. कोंबडीच्या पिल्लाला अंड्यात लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांहून जास्त बलकातल्या मेदातून येते, आणि त्याच्याजवळ ही आडवाट नाही. त्याला तिची तेवढी निकडही नाही. प्राण्याचं शरीर मुख्यतः प्रथिनांचं, आणि प्रथिनं अंड्यात वेगळी बांधून दिलेली असतात. मेद जाळायला, प्रथिनं बांधायला. लागणारी थोडी साखर प्रथिनांतून भागते. वनस्पतीला जाळायलाही साखर आणि भिंतीलाही साखर. कोणतं रूपांतर जमलंच पाहिजे हे शरीर कशाचं बनवायचं आहे त्यावर ठरतं. अर्थात प्राण्यांतही अपवाद आहेतच. सूत्रकृमींमध्ये ही आडवाट असते, आणि त्यांच्या सी. एलेगन्स या जातीत दोन्ही एन्झाइमांचं काम एकच जोडप्रथिन करतं.

गोदामाचं काय होतं

भोपळा किंवा काकडीच्या वर्गात तेल बीजपत्रांतच असतं, आणि तीच पुढे हिरवी होऊन पानाचं काम करतात. त्यांचे ग्लायॉक्सिसोम उजेड मिळाल्यावर टाकून दिले जात नाहीत. त्याच कणांतली जुनी एन्झाइमं जाऊन नवी, पानाच्या कामाची येतात. कण तेच की नवे, यावर बरीच वर्षं वाद चालला. १९८० च्या दशकात एकाच कणात जुनी-नवी दोन्ही एन्झाइमं सापडली तेव्हा तो मिटला.

एरंडाच्या भ्रूणपोषाला हे भविष्य नाही. तो कधीच हिरवा होत नाही. तेल संपत आलं की त्याच्या पेशींमध्ये रिसिनोसोम नावाच्या पिशव्या फुटतात, त्यांतलं प्रथिनं तोडणारं एन्झाइम सुटतं, आणि पेशी स्वतःलाच मोडून उरलंसुरलं बीजपत्रांच्या हवाली करतात. गोदामातला माल संपल्यावर भिंतीच्या विटाही काढून द्याव्यात, तसं.

नवव्या दिवशी डबा उघडला तेव्हा माझ्या रोपांची बीजपत्रं वाळूच्या वर आली होती. त्यांना दोन्ही बाजूंनी एक बुळबुळीत, अर्धपारदर्शक पापुद्रा चिकटलेला होता. आठवड्यापूर्वीची जाड गादी ती हीच. हातमोजा घालून मी तो ओढला तर सहज निघून आला, आणि खालचं पिवळट पान थरथरलं. पापुद्रा पहिल्या दिवशीच्याच कागदावर, जुन्या डागाच्या शेजारी दाबला. ओलं गोल उमटलं. संध्याकाळी पाहिलं तर ते वाळून गेलं होतं. शेजारचा तेलाचा डाग तसाच होता. रोपं तेवढी खिडकीत ठेवली.